तोंडवळा

आमच्याकडे सज्जनांना दोन डोळे काढतात,
दुर्जनांना एक.

म्हणजे असं, की संत भिंतीवरून थेट बघतात तुमच्याकडे
वाटीएवढ्या डोळ्यांनी,
आणि भाला खुपसणारा शिपाई, चांदी मोजून घेणारा मित्र,
राजाची यादी वाचणारा कारकून
हे सगळे कडेने. एक गाल, एक कान, एक डोळा.
दुसरा असेल पलीकडे, मातीत.
आपल्याला काय करायचंय.

वुबशेत गुरुजींनी पहिल्या वर्षी मला एवढंच शिकवलं.
बाकी मी रंग घोटायचो.
हिरवा घोटून घोटून मनगट सुजायचं,
आणि टाना सरोवरावरून वारा आला
की भिंतीला चिकटायच्या आतच सुती कापड फुगायचं,
पोटुशी बाई उभी असल्यासारखं.

एकदा विचारलं त्यांना,
देवानं माणूस आपल्या रूपाचा केला म्हणतात,
मग आपलं काय काय गेलंय त्याच्यावर?
नाक? कपाळ? हात?
गुरुजी डिंक ढवळत होते.
"तुझं नाक तुझ्या आजावर गेलंय," म्हणाले,
"आणि निळ्यात पाणी फार झालंय."

त्यांच्या भावाला शिपायांच्या राज्यात उचललं होतं,
जेवता जेवता. हात धुऊ दिला नाही.
नाव ज्यानं दिलं तो गल्लीतलाच,
अस्चालेव, तराजू दुरुस्त करणारा.
हे मला बाजारात कळलं. गुरुजी बोलले नाहीत कधी.
फक्त प्रत्येक शिपायाला, प्रत्येक कारकुनाला
त्यांनी एकच नाक काढलं, टोकाशी बसकं,
आणि एकच कान, पाळी फाटलेली.
सात चर्चमध्ये अकरा वेळा.
मोजलेत मी.

मग उपासाच्या दिवसांत
लव्हाळ्याच्या होडीतून एक म्हातारा उतरला.
दारात आडवा उभा राहिला, उजेडाकडे तोंड करून.
बसकं नाक. फाटकी पाळी.
भिंतीवरचा माणूस खाली उतरून दारात उभा,
माझ्या हातातली खल-बत्त्याची मूठ घामानं निसटली.

आणि त्यानं मान वळवली.

दुसरा डोळा होता.
मोतीबिंदूनं दुधाळ झालेला, पण होता,
आणि दोन्ही मिळून आमच्याकडे बघत होते,
संतांच्या पद्धतीनं.
मला काही उमगलं वगैरे नाही.
मला नुसती भीती वाटली.

"लोक सांगतात तू मला काढतोस," तो म्हणाला.
"म्हटलं, दिसतंय तोवर बघून यावं."
भिंतीपाशी गेला. जवळ, अजून जवळ,
श्वास रंगाला लागेल इतका.
"नाक बरोबर आहे."
क्षमा मागितली नाही. कुणी देऊही केली नाही.
डिंक करपल्याचा वास सुटला होता.
गुरुजींनी त्याला पाणी दिलं, माझ्याच पेल्यातून,
आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आत आलो
तर गुरुजी कोऱ्या भिंतीवर कोळशानं काढत होते.
कापड अजून चढवायचं होतं.
मातीवर सरळ सरळ एक चेहरा,
बसकं नाक समोरून, दोन्ही कान,
दोन डोळे, एक दुधाळ.
बराच वेळ बघत बसले त्याच्याकडे.
तोंडातल्या तोंडात म्हणाले,
"कुणावर गेलाय हा?"
मला विचारलं नव्हतं ते.

मग आम्ही दोघांनी त्यावर कापड चिकटवलं
आणि कापडावर त्यांनी कारकून काढला,
नेहमीसारखा, कडेने,
एका डोळ्याचा.

आता गुरुजी नाहीत. मी पोरांना शिकवतो,
सज्जनांना दोन, दुर्जनांना एक.
भिंतींची डागडुजी माझ्याकडेच आहे.
उत्तरेच्या कोपऱ्यात, कारकुनाच्या खांद्यापाशी
कापड बोटभर सुटलंय.
वारा आला की उचलतं.
पोरं डिंक घेऊन येतात.
मी म्हणतो, राहू दे.